अश्लील म्हणजे काय, आणि कुणाच्या नजरेनं? : कर्व्यांच्या खटल्यापासून हातातल्या मोबाइलपर्यंत



आजचा विषय घ्यावा की नाही, याचा विचार मी जवळजवळ दोन महिने करत होतो. आपल्या या गप्पा बऱ्याच घरांत सगळे मिळून ऐकतात. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, कुठून कुठून लोक कळवतात, की रात्री जेवताना आम्ही तुमचा भाग लावतो. म्हणून आधीच सांगतो. आजचा विषय पोर्नोग्राफीचा आहे. बीभत्स वर्णन यात एकही नाही. घरात सोळा-सतरा वर्षांची मुलं असतील तर त्यांना उठून जायला सांगू नका, एवढीच विनंती. का, ते शेवटी कळेल.

हा विषय निघाला कसा, ते सांगतो. रघुनाथ धोंडो कर्व्यांवर आपण मागे एक भाग केला होता. त्यानंतर एका तरुणाचा मला लांबलचक मेसेज आला. त्याचं नाव-गाव सांगत नाही, आणि एवढंही सांगतोय ते त्याला विचारूनच. लग्नाला आठ महिने झाले होते. मुलगी चांगली, घरचे चांगले. पण दोघांचं सूत जुळलं नाही आणि ती माहेरी निघून गेली. त्यानं लिहिलं होतं, की स्त्री-पुरुषांत काय असतं ते मी तेराव्या वर्षापासून मोबाइलवरच शिकलो. तिला काय हवंय हे तिला विचारायचं असतं, हेच मला ठाऊक नव्हतं. शेवटी त्यानं विचारलं होतं, 'सर, त्या काळी लोकांना कर्व्यांना पत्र लिहून विचारता यायचं. मी कुणाला विचारू?'

मी इतिहासाचा मास्तर. डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. त्याला मी एका जाणत्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं, दोघांनी मिळून जा म्हटलं. पण त्याचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. अश्लीलतेविरुद्ध कायदा असलेल्या या देशात दीडशे वर्षांहून अधिक काळ खटले चालले, पुस्तकं जप्त झाली, माणसं दंड भरत राहिली. तरीही 2020 च्या दशकातल्या एका शिकल्यासवरल्या मुलाला विचारायला माणूस मिळू नये? हे असं का झालं, ते आज बघू.

सुरुवात जरा लांबून करतो, इटलीतून. अठराव्या शतकात पॉम्पेई आणि आसपासची गाडली गेलेली रोमन शहरं खणून काढायला सुरुवात झाली. भांडी, दागिने, मूर्ती यांच्याबरोबर भिंतीवरची कामचित्रं निघाली, लिंगाच्या आकाराचे दिवे निघाले. रोमन लोकांच्या घरात ही चित्रं उघड्यावर होती. एकोणिसाव्या शतकात नेपल्सच्या संग्रहालयानं या वस्तू एका वेगळ्या खोलीत ठेवून तिला कुलूप लावलं. प्रतिष्ठित, वयस्क पुरुषांना परवानगी काढून आत जाता येई. बायका, मुलं आणि सामान्य माणसं बाहेर. ती खोली सर्वांसाठी रीतसर उघडली 2000 साली. 'पोर्नोग्राफी' हा ग्रीक मुळांचा शब्द युरोपातल्या भाषांत रुळला तो याच एकोणिसाव्या शतकात.

या कुलपामागचा विचार लक्षात घ्या. चित्र तेच. मोठ्या घरच्या पुरुषानं पाहिलं तर तो अभ्यास, आणि नोकरानं किंवा बाईनं पाहिलं तर ती बिघडणार. हाच विचार पुढे कायद्यात आला. 1868 साली इंग्लंडमध्ये एक खटला झाला, हिकलिन खटला. गंमत म्हणजे त्यातलं पुस्तक कामुक म्हणून लिहिलेलंच नव्हतं. कॅथलिक पंथाच्या विरोधातली ती एक प्रचारपुस्तिका होती. कबुलीजबाब घेताना पाद्री बायकांना काय काय विचारतात, असा तिचा रोख. सरन्यायाधीश कॉकबर्न यांनी कसोटी घालून दिली. ज्यांची मनं अशा वाईट प्रभावाला बळी पडू शकतात, त्यांना बिघडवण्याकडे मजकुराचा कल आहे का? असेल तर तो अश्लील. लिहिणाऱ्याचा हेतू काय, पुस्तक एकंदरीत कशाबद्दल आहे, याला महत्त्व नाही. भारतात 1860 च्या दंडसंहितेत अश्लील पुस्तकांविरुद्धचं कलम आलेलंच होतं. त्याला मोजपट्टी मिळाली ती ही, विलायतेहून आलेली.

आता कोणी म्हणेल, आपल्याकडे पूर्वी सगळं मोकळं होतं, इंग्रजांनी बिघडवलं. हे वाक्य मीही वर्गात अनेकदा बोललोय. ते अर्धं खरं आहे. सातवाहन राजा हालाच्या नावावरची गाथासप्तशती घ्या. महाराष्ट्री प्राकृतातल्या त्या सातशे गाथांत शृंगार भरपूर आहे, आणि कितीतरी गाथांत बोलणारी स्त्री आहे. ती रुसते, बोलावते, टोमणे मारते, नाहीही म्हणते. मराठीच्या पूर्वज भाषेत बाईच्या इच्छेला तोंड होतं, याचा अभिमान जरूर बाळगावा.

पण दुसरा अर्धा भागही सांगायला हवा. पेशवाईतली शृंगारिक लावणी घ्या. राम जोशी, होनाजी बाळा यांच्या रचना आपण कौतुकानं ऐकतो आणि ऐकाव्याही. मात्र त्याच काळात नाटकशाळांत नाचणाऱ्या अनेक जणी कुणबिणी होत्या, म्हणजे विकत घेतलेल्या किंवा शिक्षा म्हणून गुलाम झालेल्या बायका. गाण्यातली बाई 'ये' म्हणते. गाणाऱ्या बाईला 'नाही' म्हणायची मुभा होती का? जुन्या काळाबद्दल बोलताना हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. तो मनात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मुंबईत येऊ. र. धों. कर्वे, महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे थोरले चिरंजीव, जन्म 1882. विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. या कामापायी 1925 मध्ये कॉलेजची नोकरी गेली. जुलै 1927 मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि 1953 मध्ये मरेपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षं, तोट्यात चालवलं. पत्नी मालतीबाई त्यांच्या पाठीशी होत्या. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र असायचं. आत मात्र गुप्तरोग, गर्भधारणा, स्त्रीचं सुख, लैंगिक शंका, असला मजकूर, आणि तोही गणिताच्या माणसाच्या कोरड्या, सरळ भाषेत. चाळवणारं काही शोधायला गेलेल्या वाचकाची निराशाच व्हायची.

या मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली जात. घरात विचारता येत नाही, वैद्य-डॉक्टर हसतात, असे प्रश्न. आणि खटला नेमका त्यावर झाला. 1931 मध्ये व्यभिचाराच्या प्रश्नावरच्या लेखाबद्दल त्यांना एकदा शंभर रुपये दंड झालाच होता. 1934 चा दुसरा खटला वाचकांना दिलेल्या उत्तरांबद्दलचा. कर्व्यांच्या बाजूनं उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. गोलमेज परिषदा आणि पुणे करार यांनी भरलेली ती वर्षं. अशा धामधुमीत एका छोट्या मासिकाचं वकीलपत्र घेणं म्हणजे काय, याचा अंदाज करा.

कोर्टाचा सूर असा होता, की वाचक असले विकृत प्रश्न विचारतात, तर ते छापायचे कशाला? बाबासाहेबांच्या युक्तिवादाचा आशय असा, की विकृती असेल तर ती ज्ञानानंच हटेल. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते अश्लील झालं असं होत नाही. लोक विचारतात, तर उत्तर दिलंच पाहिजे. समलिंगी संबंधांबद्दल हॅवलॉक एलिससारख्या शास्त्रज्ञांच्या संशोधनाचा दाखला त्यांनी दिला. खटला ते हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

मंडळी, आपल्याकडे या खटल्याकडे अभिव्यक्तिस्वातंत्र्याची लढाई म्हणून बघतात. ते योग्यच आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. एका नवऱ्यानं किंवा एका बायकोनं घाबरत घाबरत विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर देणं, हा गुन्हा ठरला. म्हणजे विचारण्याची जी एकमेव खिडकी होती, तीच कायद्यानं बंद करायला घेतली. आणि हे झालं 'बिघडू शकणाऱ्या मनां'ना वाचवण्यासाठी.

स्वातंत्र्यानंतर तरी मोजपट्टी बदलली का? नाही. मुंबईतल्या एका पुस्तकविक्रेत्यावर 'लेडी चॅटर्लीज लव्हर' विकल्याबद्दल खटला झाला. ज्या इंग्लंडकडून आपण कसोटी घेतली, तिथल्या ज्यूरीनं 1960 मध्ये हे पुस्तक सोडून दिलं होतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 1964 मध्ये विक्रेत्याची शिक्षा कायम केली आणि हिकलिन कसोटीही मान्य केली. निकाल लिहिला न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी, नागपुरात वकिली केलेले मोठे विद्वान गृहस्थ. मग मराठीतलाच खटला. चंद्रकांत काकोडकरांची 'शामा' ही कथा 'रंभा' मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकात आली होती. खालच्या कोर्टांनी दोषी ठरवलं, सर्वोच्च न्यायालयानं 1969 मध्ये सोडलं. एका दिवाळी अंकातल्या कथेला सात वर्षं. हिकलिन कसोटी बाजूला ठेवली गेली ती थेट 2014 साली, अवीक सरकार खटल्यात. म्हणजे 1868 पासून 146 वर्षं.

आता या 146 वर्षांत कोर्टांनी काय विचारलं? 'पाहणारा बिघडेल का?' जी दाखवली जाते तिला कोणी काही विचारलं नाही. पुस्तकांच्या जमान्यात हे एक वेळ चालून गेलं, कारण लेडी चॅटर्ली आणि शामा कागदावरच्या होत्या. कॅमेरा आला आणि कागदावरच्या बाईच्या जागी जिवंत बाई आली.

अमेरिकेचं उदाहरण देतो, कारण हा धंदा उघडपणे मोठा झाला तो तिथे. 1972 मध्ये 'डीप थ्रोट' नावाचा अश्लील चित्रपट तिथल्या थिएटरांत लागला आणि चांगल्या घरची जोडपी तो बघायला गेली. त्यावर खटले झाले, आणि पडद्यावरची बाई मात्र हसतमुख, मुक्त स्त्री म्हणून गाजली. 1980 मध्ये त्याच नटीनं, लिंडा बोरमननं, आत्मकथन प्रसिद्ध केलं. नवऱ्यानं मारहाण करून, बंदुकीचा धाक घालून आपल्याला या कामाला लावलं, असं तिनं सांगितलं. पुढे सरकारी चौकशी आयोगापुढेही तिनं साक्ष दिली. आठ वर्षं लोक तो चित्रपट बघून हा अश्लील की नाही यावर वाद घालत होते. नाटकशाळेतल्या बाईबद्दलचा मघाचा प्रश्न आता आठवा.

आपल्याकडे हे सगळं चोरपावलांनी आलं. आधी एसटी स्टँडवरची पिवळी पुस्तकं, हिंदी पट्ट्यात 'मस्तराम'. 1982 च्या एशियाडनंतर रंगीत टीव्ही पसरला, मागोमाग व्हीसीआर भाड्यानं मिळू लागला आणि 'ब्ल्यू फिल्म' हा शब्द गावोगाव पोचला. 1995 मध्ये इंटरनेट लोकांसाठी खुलं झालं. मग सायबर कॅफेतले पडदे लावलेले कप्पे, मग सीडी.

इथे माझीच एक गोष्ट सांगतो. त्याबद्दल मला आजही लाज वाटते. 2003 च्या सुमारास मी एका शाळेत शिकवत होतो. दहावीतल्या एका मुलाच्या दप्तरात तसली सीडी सापडली. मी ती सगळ्या वर्गासमोर मोडली, त्याच्या दोन थोबाडीत दिल्या आणि वडिलांना बोलावून घेतलं. वडिलांनी माझ्यासमोर त्याला आणखी मारलं. जाताना तो मुलगा हळू आवाजात म्हणाला, 'सर, मग खरं कसं असतं?' मला तो उद्धटपणा वाटला. मी म्हटलं, चालता हो. कर्वे मी तोवर वाचलेले होते. वर्गात त्यांचं नाव समाजसुधारकांच्या यादीत लिहून देत होतो. आणि तसाच प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला तेव्हा मी 1934 च्या कोर्टासारखा वागलो.

पुढच्याच वर्षी, 2004 मध्ये, दिल्लीतलं प्रकरण घडलं. शाळकरी मुलानं मोबाइलवर चित्रित केलेली एका मुलीची क्लिप देशभर फिरली, एका लिलावाच्या वेबसाइटवर विकायलाही आली. चर्चा कशाची झाली? अश्लील साहित्य विकल्याबद्दल वेबसाइटचा प्रमुख जबाबदार की नाही, याची. त्या मुलीचा खासगीपणा मोडला, हा वेगळा गुन्हा मानणारं कलम माहिती तंत्रज्ञान कायद्यात आलं ते 2008 च्या दुरुस्तीनं. चोरून बघणं आणि चित्रण करणं हा दंडसंहितेत स्वतंत्र गुन्हा झाला 2013 मध्ये. बालकांच्या बाबतीत तर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की 'चाइल्ड पोर्नोग्राफी' हा शब्दच वापरू नका, ते मुलांचं शोषण आहे, तसंच म्हणा. कायदा हळूहळू का होईना, पाहणाऱ्याकडून दाखवल्या जाणाऱ्याकडे वळतोय.

दरम्यान 2015 मध्ये सरकारनं 857 वेबसाइट बंद करायचा आदेश काढला आणि काही दिवसांत बराचसा मागे घेतला. 2016 मध्ये डेटा स्वस्त झाला, आणि पूर्वी पडद्याआडच्या कप्प्यात जाऊन बघायची गोष्ट पांघरुणात आली. 2018 मध्ये पुन्हा 827 साइट बंद झाल्या. ज्यांना बघायचं ते बघतच राहिले. उलट 2020 च्या डिसेंबरात काय झालं पाहा. अल्पवयीन मुलींचे आणि संमतीविना टाकलेले व्हिडिओ पॉर्नहब या साइटवर आहेत, हे एका अमेरिकन वर्तमानपत्रानं छापलं. क्रेडिट कार्ड कंपन्यांनी हात काढून घेतले आणि काही दिवसांत त्या साइटनं सुमारे एक कोटी व्हिडिओ उतरवले. जे बंदीला जमलं नाही, ते 'हिची संमती होती का?' या एका प्रश्नानं घडलं.

आता त्या तरुणाच्या संसाराकडे येतो. पोर्न बघणारा प्रत्येक जण बिघडतो, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं म्हणजे पुन्हा हिकलिनच. जागतिक आरोग्य संघटनेनंही आपल्या नव्या रोगसूचीत ताबा सुटलेल्या लैंगिक वर्तनाला विकार म्हटलंय, नुसत्या बघण्याला नाही. माझा मुद्दा शिक्षकाचा आहे. ज्याला दुसरं काहीच पुस्तक मिळालेलं नाही, त्याच्यासाठी हेच पाठ्यपुस्तक होतं. आणि हे पाठ्यपुस्तक काय शिकवतं? त्यात कोणी कोणाला विचारत नाही. कोणी 'आज नको' म्हणत नाही. कोणी दमलेलं नसतं, लाजत नाही, फजिती होऊन हसत नाही. गर्भ राहील याची काळजी नसते. बाई नेहमी तयार असते, कारण ती कॅमेऱ्यासाठी तिथे आणलेली असते. हे खरं मानून एक मुलगा लग्नाच्या रात्री खोलीत जातो. पलीकडे जी मुलगी आहे तिलाही कोणी काही सांगितलेलं नसतं. तिला वाटतं, पुरुष असेच असतात. त्याला वाटतं, आपल्यातच काही कमी आहे. दोघंही कुणाला विचारू शकत नाहीत.

आणि विचारण्याची सोय करायची वेळ आली तेव्हा आपण काय केलं? 2007 च्या सुमारास शाळांत किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम यायचा होता. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, गुजरात, कर्नाटक अशा कितीतरी राज्यांनी संस्कृतीचं नाव घेऊन तो अडवला. गाथासप्तशतीच्या आणि कर्व्यांच्या महाराष्ट्रानंसुद्धा. शाळेतला धडा थांबला, आणि काही वर्षांत मोबाइल प्रत्येकाच्या हातात आला.

संस्कृती धोक्यात आहे असं मला विचाराल तर मी हो म्हणेन. पण धोका कशाला आहे ते नीट बघा. दोन माणसांनी एकमेकांना विचारण्याची, सांगण्याची, नाही म्हणण्याची जी भाषा प्राकृत गाथेतल्या बाईकडे होती, ती आपल्या घरांतून गेली आहे. घरात ते बोलायला शब्दच उरले नाहीत. आहेत त्या शिव्या, नाहीतर डॉक्टरी इंग्रजी.

तो तरुण आणि त्याची पत्नी दोघं मिळून डॉक्टरांकडे एकदा जाऊन आले, एवढं त्यानं कळवलं आहे. पुढचं मला माहीत नाही, आणि ते विचारायचा मला अधिकारही नाही. माझ्या वर्गातला तो मुलगा आता पस्तिशी ओलांडून गेला असेल. हा भाग कुठे ऐकत असलास बाळा, तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर वीस वर्षं उशिरा देतो. खरं असतं ते विचारून, थांबून, दोघांच्या मर्जीनं. त्यात चुका होतात आणि चालतात. सीडीतलं ते एक काम होतं, आणि ते करणाऱ्या बाईला कोणी विचारलं होतं की नाही, हे तुला किंवा मला कधीच कळणार नाही. थोबाडीत मारली, ते चुकलं.

आणि आता सुरुवातीची विनंती. सोळा-सतरा वर्षांची मुलं अजून बसली असतील, तर हा भाग संपल्यावर टीव्ही बंद करा आणि त्यांना एवढंच सांगा, की काही विचारायचं असेल तर विचार, मी रागावणार नाही. उत्तर येत नसेल तर शोधून सांगेन म्हणा. ते लगेच काही विचारणार नाहीत. आठवड्यानं विचारतील, कदाचित महिन्यानं. तेव्हा मात्र चालता हो म्हणू नका.